संविधान दिन झाला, पण आपल्या खान्देशात गावपातळीवरची लोकशाही कशी चाललीय?

गिरणाकाठ
२६ नोव्हेंबर २०२५, रात्री ८:४०

जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून तिथे प्रशासक. धुळे आणि नंदुरबार जिल्हा परिषदांची मुदत यंदाच्या जानेवारीत संपली, तिथेही प्रशासक. जळगाव महापालिका सप्टेंबर २०२३ पासून, धुळे महापालिका त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून. बहुतेक नगरपालिकांची शेवटची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झालेली, आणि आता कुठे २ डिसेंबरला मतदान आहे.

आणि आज संविधान दिन. याच जिल्हा परिषदांच्या शाळांत आज सकाळी मुलांनी उद्देशिका म्हटली. आमच्या गावी चौथीतल्या एका मुलीने कागद हातात न घेता, न अडखळता म्हटली. मला भरून आलं. पण त्याच संविधानात कलम २४३-ई आहे. पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक झालीच पाहिजे. नगरपालिकांसाठी हेच २४३-यू मध्ये. दोन्ही १९९३ पासून लागू आहेत.

टीव्हीवर लोकशाही धोक्यात आहे की नाही यावर रोज आरडाओरड चालते. मला तो वाद दिल्लीपासून सुरू करायचा नाही. माझं म्हणणं असं, की घसरण आधी गावात आणि वॉर्डात होते, आपल्याला तिची सवय लागते, आणि मग वर काय चाललंय याचंही काही वाटेनासं होतं. तुम्हाला तुमच्या गावात काय दिसतं ते सांगा. आणि संविधान दिनाला उद्देशिका वाचण्यापलीकडे गावाने काय करावं, हेही सांगा.

शेवभाजी_स्पेशल
रात्री ८:५५

आमच्या वॉर्डात चार वर्षं एकही नगरसेवक नव्हता. या महिन्यात सकाळ-संध्याकाळ दारात अकरा उभे. आईने विचारलं, कोणाच्या लग्नाला निघालेत एवढे?

दूरचा_खान्देशी
रात्री ९:१०

गिरणाकाठ भाऊ, तारखा सगळ्या बरोबर, पण निष्कर्ष पटला नाही. मी पारोळ्याचा, राहतो पुण्यात.

उशीर कोणी हुकूमशहाने केला नाही. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी आधी आकडेवारी गोळा करा, आयोग नेमा, असं सांगितलं. मग बांठिया आयोग आला. मग प्रभागांची संख्या बदलली, त्यावर पुन्हा कोर्ट, ऑगस्ट २०२२ मध्ये 'जैसे थे'चा आदेश. त्या काळात सरकारं दोन्ही बाजूंची होऊन गेली, आणि आरक्षणाशिवाय निवडणुका नकोत असं तेव्हा सगळेच पक्ष म्हणत होते. शेवटी याच वर्षी ६ मे रोजी कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला आणि त्या होतायत.

आणि लोकशाही संपली म्हणणाऱ्यांनी २०२४ चा लोकसभेचा निकाल बघावा. खान्देशातल्या चार जागा. जळगाव, रावेर सत्ताधाऱ्यांकडे. धुळे, नंदुरबार विरोधकांकडे. धुळ्यात तर चार हजारांच्या आतला फरक होता. लोक हवं तसं मत देतात आणि ते मोजलं जातं. यापेक्षा वेगळं काय हवं?

पांझराकाठची
रात्री ९:३५

दूरचा दादा, घटनाक्रम तुम्ही नीट सांगितलात. मी धुळ्यात वकिली करते, म्हणून त्यात दोन गोष्टी घालते.

२००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगून ठेवलंय की पाच वर्षांच्या आत निवडणूक घेणं राज्य निवडणूक आयोगावर बंधनकारक आहे. प्रभाग रचना चालू आहे, मतदार यादी व्हायची आहे, ही कारणं चालणार नाहीत. मोठी नैसर्गिक आपत्ती वगैरे असेल तरच सवड. मे २०२२ मध्येही कोर्टाने हेच पुन्हा बजावलं. म्हणजे कारण होतं हे खरं, पण ते कारण चालणारं नव्हतं. आणि सगळ्या पक्षांची संमती होती म्हणून मतदाराचा हक्क कमी होत नाही.

दुसरं, प्रशासक आला की नेमकं काय होतं हे लोकांना दिसत नाही. पालिकेची सर्वसाधारण सभा, स्थायी समिती, विषय समित्या, या सगळ्यांचे अधिकार एका अधिकाऱ्याकडे जातात. प्रस्ताव प्रशासनच तयार करतं आणि मंजूरही तेच करतं. ठरावाला सूचक नाही, अनुमोदक नाही, विरोध नोंदवा म्हणणारा कोणी नाही. एरवी अंदाजपत्रकाच्या सभेत भांडणं व्हायची, माईक ओढले जायचे, दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं. त्या भांडणातूनच आम्हाला कळायचं की कोणत्या गल्लीची गटार दोनदा मंजूर झालीय. अधिकारी प्रामाणिक असला तरी त्याला विचारणारं समोर कोणी बसलेलं नसतं.

धुळे-नंदुरबारकरांना आठवत असेल, २०२० मध्ये निवडून आलेल्या आपल्या जिल्हा परिषदांतल्या ओबीसी जागा मध्येच रद्द झाल्या आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पोटनिवडणूक घ्यावी लागली. कोविडच्या लाटा चालू असताना. तेव्हा जमलं. नंतर कसं जमेना?

केळीचं_पान
रात्री १०:०५

पांझराकाठची ताई, शंभर टक्के. आमचा जिल्हा परिषद सदस्य काही फार हुशार नव्हता, पण कृषी समितीच्या सभेत उभा राहून केळीच्या विम्याचं विचारायचा. वादळात बाग आडवी झाली की पंचनामा कोणत्या तारखेला, किती गावांचा, हे अधिकाऱ्याला सभेत सांगावं लागायचं. आता एकेकटा शेतकरी कचेरीच्या खिडकीत उभा राहतो आणि 'साहेब मीटिंगला गेलेत' ऐकून घरी येतो.

मी फैजपूरजवळचा, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबर १९३६, तारीख २७ आणि २८. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला झालं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी यांनी गावोगाव फिरून माणसं जमवली. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळेल त्या सामानातून सगळी सजावट केली. मुंबईहून ज्योत पायी आणली होती. आणि तिथे झालेल्या ठरावात काय होतं? १९३५ चा इंग्रजांनी दिलेला कायदा आम्हाला नको, प्रौढ मतदानाने निवडलेल्या घटना समितीने आमची राज्यघटना बनवावी. लोकांनी निवडलेल्यांनीच देशाची घटना लिहावी ही मागणी तापीच्या खोऱ्यात, केळीच्या मुलखात इतक्या जोरात मांडली गेली, आणि आमच्या पोरांना फैजपूर म्हटलं की फक्त बसस्टँड आठवतो.

अजून एक. १९५२ ला जळगावचे खासदार झालेले हरि विनायक पाटसकर घटना समितीचे सदस्य होते. पुढे केंद्रात कायदा खात्याचे मंत्री झाले, आणि हिंदू विवाह कायदा, वारसा कायदा संसदेत मांडून लढवण्यात त्यांचा मोठा वाटा. संविधान दिनाला शाळांत ही नावं कोणी घेतं का?

शेवभाजी_स्पेशल
रात्री १०:१२

पान भाऊ, आमच्या शाळेत आज घेतली नाहीत, हे मी खात्रीने सांगतो. पोरगा म्हणाला, भाषण झालं आणि गोळ्या वाटल्या.

लळिंग
रात्री १०:४०

गोळ्या वाटल्या तर वाटू द्या भाऊ. माझी विनंती, शाळेतल्या वाचनाला कमी लेखू नका. सरकारने हा दिवस २०१५ मध्ये जाहीर केला, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंती वर्षात. आमच्या वस्त्यांमध्ये तो त्याच्या कितीतरी आधीपासून होतो. माझ्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण 'दर्जाची व संधीची समानता' एवढे शब्द तिला पाठ होते. ते शब्द म्हणताना ती पदर नीट करून ताठ बसायची. ज्यांना पिढ्यानपिढ्या गावाच्या चावडीवर चढू दिलं नाही, त्यांच्यासाठी उद्देशिका मोठ्याने म्हणणं हेच एक काम आहे.

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात बाबासाहेब ३१ जुलै १९३७ ला मुक्कामी होते. दरवर्षी त्या तारखेला तिथे हजारो लोक येतात. मी लहानपणापासून जातो.

आता मूळ प्रश्नाबद्दल. २५ नोव्हेंबर १९४९ ला, म्हणजे संविधान स्वीकारलं त्याच्या आदल्या दिवशी, बाबासाहेबांनी घटना समितीत जे भाषण केलं ते आज वाचलं तर अंगावर काटा येतो. राजकारणातली भक्ती आणि विभूतिपूजा अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असं ते स्पष्ट बोलले. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत, राजकारणात समानता आणि समाजात, अर्थकारणात विषमता, हेही म्हणाले. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर ज्यांना तिचा जाच होतो ते लोक ही लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील, हा इशारा दिला. गावातल्या एका माणसाचे पाय धरल्याशिवाय विहिरीचं अनुदान मिळत नाही, तिथे हे भाषण लागू होतं. त्या माणसाचा पक्ष कोणताही असो.

जंक्शन_भुसावळ
रात्री ११:२०

सगळ्या तरुण मंडळींना नमस्कार. मी रेल्वेतून निवृत्त. दूरचा आणि पांझराकाठची यांचा वाद वाचला म्हणून लिहितो.

मे १९७४ चा रेल्वे संप भुसावळने फार जवळून पाहिला. त्यानंतर साधारण वर्षभराने, २५ जून १९७५ ला, आणीबाणी. तुम्ही पुस्तकात वाचता ते मिसा (खटल्याविना कैदेत टाकायचा कायदा), सेन्सॉर, हे सगळं खरंच. पण मला जे आठवतं ते वेगळं. कॅन्टीनमध्ये चहा पिताना लोक राजकारण बोलायचे थांबले. कोणी बंदी घातली नव्हती. कोणी नवीन माणूस टेबलाशी बसला की विषय आपोआप पावसापाण्यावर जायचा. पेपरात सगळं छान छान. गाड्या वेळेवर धावतात म्हणून कौतुक करणारेही होते, आणि आमच्याच खात्यात होते.

एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की आणीबाणीत कैदेविरुद्ध दादच मागता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या हंसराज खन्ना यांनी विरोधी मत लिहिलं आणि त्याची किंमत मोजली, सरन्यायाधीशपद गेलं. मग मार्च १९७७ ला निवडणूक झाली. जळगावने जनता पक्षाचा खासदार निवडला, शेजारच्या नंदुरबारने काँग्रेसचाच ठेवला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं लिहून ठेवलं.

आज आणीबाणी आहे असं मी म्हणत नाही. ज्यांनी ती पाहिली त्यांनी तो शब्द सांभाळून वापरावा. पण टेबलावरचा विषय बदलणं मला पुन्हा दिसायला लागलंय. नातू सांगतो, आजोबा हे फॅमिली ग्रुपवर टाकू नका. माझ्या दृष्टीने तो मोठा संकेत आहे.

नवखा_मतदार
रात्री ११:४८

काका, तुमची पोस्ट वाचून रूममधल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. मी जळगावात कॉलेजला आहे, घर चोपड्याला. सप्टेंबरमध्ये अठरा पूर्ण झाली. २ डिसेंबरला मतदान करणार म्हणून खुशीत होतो. कळलं की या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरलीय, त्यामुळे माझं नाव नाही. आता पुढची पालिका निवडणूक पाच वर्षांनी, तीही वेळेवर झाली तर.

दूरचा_खान्देशी
२७ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

नवख्या, वाईट वाटलं रे. पण कोणती तरी तारीख धरावीच लागते. तू विधानसभेच्या यादीत नाव आत्ताच घालून ठेव, अर्ज क्रमांक ६ भर.

जंक्शन काका, तुमच्याबद्दल आदर आहे. तरी फॅमिली ग्रुपवर भांडण नको म्हणून विषय टाळणं आणि जेलच्या भीतीने टाळणं यात फरक करायला हवा. परदेशी संस्था भारताला कधी 'अंशतः मुक्त' म्हणतात, कधी 'निवडणुकीतून आलेली एकाधिकारशाही'. शेदीडशे तज्ज्ञांनी प्रश्नावली भरायची आणि आपण त्यावर देशाला गुण द्यायचे, हे मला मान्य नाही. धडगावचा म्हातारा मतदानाला चार कोस चालतो, ते त्या प्रश्नावलीत येत नाही.

पांझराकाठची
सकाळी ९:०५

प्रश्नावली बाजूला ठेवू. आपल्याच देशातल्या, कोणालाही तपासता येतील अशा गोष्टी घेऊ.

संविधानाच्या कलम ९३ प्रमाणे लोकसभेने उपाध्यक्ष निवडायचा आहे. २०१९ पासून ते पद रिकामं. डिसेंबर २०२३ मध्ये एकाच अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले आणि त्याच दिवसांत देशाचे फौजदारी कायदे बदलले. राजकीय पक्षांना नाव न सांगता देणगी द्यायचे निवडणूक रोखे २०१८ ला आले, फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. न्यायालयाने न्याय दिला ही लोकशाहीच. पण सहा वर्षं त्या पैशावर निवडणुका होऊन गेल्या, त्या परत कशा घेणार? आपल्या राज्यात २०२२ मध्ये पक्ष फुटला, पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी दिला जानेवारी २०२४ मध्ये, विधानसभा संपायला वर्षही उरलं नव्हतं. फुटण्याची प्रथा काही या सरकारने आणली नाही. पण ती रोखायला १९८५ मध्ये जो कायदा केला, तो उशिराने मारता येतो हे आता सगळ्यांना कळलंय.

या प्रत्येक ठिकाणी नियम मोडला म्हणून आरडाओरड करता येत नाही. नियम आहे तिथेच असतो, फक्त वेळ टळून जाते. प्रशासक राज हेच आहे. म्हणून गिरणाकाठ भाऊंचा मुद्दा मला गावापुरता वाटत नाही.

सातपुड्याची_वाट
सकाळी १०:३०

धडगावच्या म्हाताऱ्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगावकडेच, शिक्षक आहे. निवडणूक ड्यूटी नर्मदाकाठच्या एका केंद्रावर केलीय.

राज्यातला विधानसभा मतदारसंघ क्रमांक १ अक्कलकुवा, आणि त्यातलं केंद्र क्रमांक १ मणिबेली. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे तिकडच्या काही केंद्रांवर बोटीनेच जावं लागतं. मशिनच्या पेट्या मांडीवर, अंगात लाइफ जॅकेट, मोबाइलला रेंज नाही, दोन्ही बाजूंना डोंगर. पोहोचल्यावर पाड्यातल्या लोकांनी आधी पाणी दिलं, मग भाकरी आणि मिरचीचा ठेचा. पहाटे मॉक पोल घ्यायचा असतो. किमान पन्नास मतं टाकून बघायची, मोजायची, पुसायची, मग सील. तेव्हा उमेदवारांचे प्रतिनिधी हजर लागतात. आमच्याकडे दोघंच होते, त्यातला एक रात्रभर चालत आलेला. संध्याकाळी मतदान संपल्यावर किती मतं पडली त्याचा हिशेब, नमुना १७-सी, प्रतिनिधीला सही करून द्यावा लागतो. त्या पोराने तो कागद चार घड्या करून टोपीच्या आत ठेवला. शहरातल्या बूथवर कित्येक प्रतिनिधी तो कागद घ्यायच्या आधी निघून जातात, हे मी स्वतः पाहिलंय. नंतर मग मशिनवर वाद.

आता दुसरी बाजू. मतदानाला बोट येते. आजारी बाईला दवाखान्यात न्यायला अजूनही बांबूची झोळी करावी लागते. पाच वर्षांतून एक दिवस सगळं सरकार पाड्यावर येतं, याचा अभिमानही वाटतो आणि रागही येतो.

एक चांगलं सांगतो. आमचा आदिवासी पट्टा पाचव्या अनुसूचीतला, ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा पेसा कायदा लागू. पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, आणि पेसाचा अबंध निधी, म्हणजे कशावर खर्चायचा ते ग्रामसभेने ठरवायचा पैसा, ग्रामसभेच्या कोष समितीच्या खात्यावर येतो. आमच्या पाड्याने त्या पैशातून काय करायचं यावर एक पूर्ण दुपार वाद घातला. बाया बोलल्या. पुरुष म्हणत होते सभामंडप, बाया म्हणत होत्या पाण्याची टाकी. टाकी झाली. जिथे बसून बोलायला जागा आणि हातात पैसा दोन्ही आहे, तिथे लोकशाही कोणाला शिकवावी लागत नाही.

तापीमाय
सकाळी ११:१५

सातपुडा भाऊ, टाकीचं वाचून फार आनंद झाला. मी चोपडा तालुक्यात एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते. महिलांना अर्ध्या जागा, त्यातून आले.

आमच्याकडे ग्रामसभा कशी होते ते सांगते. वर्षातून चार तरी घ्याव्याच लागतात, त्यातली एक २६ जानेवारीला. गणपूर्ती शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, जे कमी असेल ते. झेंडावंदन झालं की पंधरावीस माणसं ओट्यावर थांबतात, दहा मिनिटांत सभा 'तहकूब'. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे सगळ्यांना पाठ! मग शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी. माझी सासू चुलीपुढे बसलेली, भाकरी थापत होती. त्याने पॅड पुढे केलं, तिने पिठाचा अंगठा पुसून शाईत बुडवला आणि लावला. मी विचारलं, आई, कशावर दिला? म्हणाली, सरकारी काय ते असेल. त्या अंगठ्याखाली काय लिहिलं होतं ते मी ऑफिसात जाऊन वाचलं. चौदाव्या वित्त आयोगाच्या आराखड्याला एकमताने मंजुरी.

दुसऱ्या वर्षी मी रजिस्टर घरी येऊ दिलं नाही. महिला ग्रामसभा आधी घ्यायची असते, ती खरोखर घेतली. तेवीस बायका आल्या. पहिल्यांदा सरपंच बाईंचे मिस्टरच बोलायला उभे राहिले. मी म्हटलं, दाजी, तुम्ही बसा, आज वहिनी बोलतील. वहिनी आधी घाबरल्या, मग बोलल्या, आणि चांगलं बोलल्या. त्यांना गावातल्या प्रत्येक नळाची वेळ माहिती होती. दाजींना नव्हती.

गिरणाकाठ भाऊ, तुम्ही विचारलंत दिल्लीपेक्षा गावात काय दिसतं. मला हे दिसतं. सही आहे, माणूस नाही.

भरीत_पार्टी
सकाळी ११:४०

आमना गावमा बी तसंच शे ताई. अंगठा घर बसेल.

एक अवांतर: बामणोदची वांगी बाजारात आलीत. शेतात काड्यांवर वांगी भाजायची, बडगीने कुटायची, सोबत कळण्याच्या पुऱ्या. यंदा प्रत्येक भरीत पार्टीला एक उमेदवार हजर आहे.

शेवभाजी_स्पेशल
सकाळी ११:४४

उमेदवार चालेल, भाषण नको. भरीत गार होतं.

केळीचं_पान
दुपारी १:२०

भरीत दोनशे टक्के मान्य, पण त्याचं बिल कोण देतं हे विचारून खा.

गंभीर विषय काढतो. बिनविरोध. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत नंदुरबार तालुक्यातलं खोंडामळी आणि नाशिकमधलं उमराणे, दोन्हीकडे पदांचा लिलाव झाल्याचं पुढे आलं. पैसा मंदिराच्या कामाला जाणार होता. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. आत्ता या महिन्यात दोंडाईचा पालिका नगराध्यक्षासह सगळीच्या सगळी बिनविरोध झाली. तिथे लिलाव झाला असं मी अजिबात म्हणत नाही. पण एवढ्या मोठ्या गावात एकालाही विरोधात उभं राहावंसं वाटू नये, किंवा उभं राहून टिकता येऊ नये?

दूरचा_खान्देशी
दुपारी २:०५

पान भाऊ, बिनविरोधला सरसकट नावं ठेवू नका. आमच्या आजोळी एका निवडणुकीत सख्ख्या भावांची डोकी फुटली होती, बांधावरून अजून कोर्ट चालू आहे. पुढच्या वेळी जाणत्या माणसांनी बसून सगळ्या गल्ल्यांचं, सगळ्या समाजांचं एकेक माणूस घेतलं आणि गाव बिनविरोध केलं. पाच वर्षं शांततेत गेली. ती पण लोकशाहीच. लिलाव मात्र गुन्हाच, त्यात दुमत नाही.

लळिंग
दुपारी २:४०

'जाणती माणसं' कोण होती दादा? त्यात आमच्या वस्तीतलं कोणी होतं का? बाई होती का? माझ्या अनुभवात ती बैठक ज्यांच्या ओसरीवर होते, गाव त्यांचंच राहतं. भांडणाचा त्रास मला कळतो. पण मताची पेटी ही एकच जागा आहे जिथे माझं आणि पाटलाचं वजन सारखं. ती तुम्ही समजुतीने बंद केलीत तर मी समान होणार कुठे? २०१८ पासून आपल्या राज्य निवडणूक आयोगाने नियम केलाय की स्थानिक निवडणुकीत 'नोटा'ला सर्वांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. एकच अर्ज उरला की तोही मार्ग बंद.

दूरचा_खान्देशी
दुपारी ३:१५

लळिंग भाऊ, बाई नव्हती. तुमच्या बाजूचा एक माणूस होता, पण तो बोलला का हे मला माहीत नाही, मी लहान होतो. आईला विचारून सांगतो. शांतता मला अजूनही मोलाची वाटते.

गिरणाकाठ
रात्री ८:१०

मंडळी, एवढं मनापासून लिहिलंत, सगळं दोनदा वाचलं. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून मांडतो.

१५ जानेवारी २०२१ ला राज्यात चौदा हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक होती. त्यांची मुदत आता जानेवारी-फेब्रुवारीत संपतेय. आमची त्यातलीच. जिल्हा परिषद गेली, पंचायत समिती गेली, आता ग्रामपंचायतीवरही प्रशासक बसला तर गावापासून जिल्ह्यापर्यंत आम्ही निवडलेला एकही माणूस राहणार नाही. हे होऊ नये म्हणून २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा माझा विचार आहे: कलम २४३-ई प्रमाणे निवडणूक मुदतीत घ्या, आणि प्रत राज्य निवडणूक आयोगाला. तापीमाय ताई, हे कसं करायचं?

तापीमाय
रात्री ८:५०

करता येतं. पण २६ जानेवारीची वाट कशाला बघता? तोवर मुदत संपलेलीही असेल. विशेष ग्रामसभा डिसेंबरमध्येच मागा. अर्ज लेखी द्या, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी दोघांच्या नावाने. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख नीट दिसली पाहिजे. अर्जात ठरावाचा मजकूर पूर्ण लिहा, नाहीतर 'आयत्या वेळचे विषय' म्हणून शेवटी ढकलतात आणि तेव्हा सगळे उठलेले असतात. नोटीस निघाली की तिचा फोटो काढून ठेवा. आणि बायकांना आणा. सकाळी अकराची वेळ ठेवली तर येतील, नऊला नाही, स्वयंपाक असतो. शंभर माणसं खरी बसलेली असतील तर तहकूब करायची कोणाची हिंमत होत नाही.

पांझराकाठची
रात्री ९:२०

मजकूर मी लिहून देते. ग्रामसभेच्या ठरावाने आयोगावर सक्ती होत नाही, हे आधीच सांगते. पण उद्या कोणी उच्च न्यायालयात गेलं तर गावांनी मुदतीच्या आत मागणी केली होती याचा कागद हातात असतो. एका गावाचा ठराव कोणी वाचणार नाही. तीन जिल्ह्यांतून पन्नास गेले तर वाचावे लागतील. ज्यांच्या ग्रामपंचायतीची मुदत संपतेय त्यांनी इथे फक्त तालुका लिहा.

केळीचं_पान
रात्री ९:३१

रावेर.

नवखा_मतदार
रात्री ९:४०

मी चोपडा शहरातला, पण मामाचं गाव यावल तालुक्यात, त्यांची मुदत संपतेय. मत नाही तर नाही, अर्ज टाइप करून प्रिंट काढायचं काम माझ्याकडे द्या. कितीही गावांचं करतो.

दूरचा_खान्देशी
रात्री १०:०२

पारोळा तालुक्यातल्या आजोळच्या गावाची मुदत संपतेय. २ तारखेला मतदानाला येतोच आहे, दुसऱ्या दिवशी तिकडे जाऊन मामेभावाकडून अर्ज देतो. ताई, मजकूर साध्या मराठीत ठेवा, गावात वाचून दाखवता आला पाहिजे.

सातपुड्याची_वाट
रात्री १०:१५

अक्राणी. आमच्याकडे पावरी भाषेत वाचून दाखवावा लागेल, ते मी करतो.

जंक्शन_भुसावळ
रात्री १०:३०

भुसावळ तालुक्यातली चार गावं माझ्या ओळखीची आहेत. यादी उद्या सकाळी टाकतो. पोचेची प्रत प्रत्येकाने दोन ठिकाणी ठेवा.